परमुलखाची खबर : बांध नसलेले शिवार



रब्बीच्या पेरण्या उरकत आल्या, की गावोगाव एक जुने दुखणे डोके वर काढते. कुणाचा नांगर हातभर आत गेलेला असतो, कुणी बांध कोरलेला असतो, तर कुणी मधली बाभूळ आपलीच समजून तोडलेली असते. मग चावडीवर आवाज चढतात, मोजणीचे अर्ज जातात आणि पुढे वकिलाच्या दाराशी चपला झिजतात.

दुसऱ्यांचे कशाला, आमच्या घरचेच सांगतो. माझे वडील आणि थोरले चुलते यांच्या वावरांमध्ये एक बांध होता. वडिलांच्या लहानपणी त्या बांधावरून बैलगाडी जायची म्हणे. मी कळता झालो तेव्हा त्यावरून माणूससुद्धा तोल सावरीतच जात असे. दर साली दोन्हीकडून नांगर त्याला चाटून जाई. अखेर एका साली शब्दाला शब्द वाढला आणि दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या दाराची पायरी चढेनासे झाले. वडील पुन्हा त्या घरात गेले ते चुलत्यांच्या मयतालाच. भांडण किती जमिनीचे? आज मोजले तर दोन वितीही भरायची नाही.

हे सगळे आठवायला कारण घडले ते एका परक्या गावाचे. या गावच्या शिवारात शेकडो एकर जमीन अनेक शेतकऱ्यांत पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली आहे, पण मध्ये बांध नाही, कुंपण नाही, तारही नाही. आणि तरीही तिथे शतकानुशतके शेती सुरळीत चालली आहे. ती कशी, तेवढे आज सांगतो.

गाव कुठे आहे

गावाचे नाव लॅक्सटन. इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशायर नावाचा जिल्हा आहे. रॉबिन हूडच्या गोष्टी मुलांनी शाळेत वाचल्या असतील. त्या गोष्टींतले शेरवुडचे जंगल याच जिल्ह्यातले. नेवार्क हे बाजाराचे शहर गावापासून दहाएक मैलांवर. जमीन चिकणमातीची, जड. ओल धरली की नांगराला सुटत नाही, आणि वाळली की ढेकळे फुटत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याला हे दुखणे निराळे सांगायला नको.

गाव तसे लहानच. मधोमध सेंट मायकेलचे जुने दगडी देऊळ, म्हणजे चर्च. उत्तरेच्या अंगाला मातीची मोठी टेकडी आहे. नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन सरदारांनी तिथे गढी बांधली होती. गढी गेली, टेकडी उरली. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने सगळ्या मुलखाची मोजदाद करवून एक मोठे दप्तर लिहून घेतले होते. त्या दप्तरातही या गावाची नोंद सापडते.

गावात शिरले, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. शेतकऱ्यांची विटांची, कौलारू घरे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने आहेत. पुष्कळ घरांची कड रस्त्याकडे आणि परसू मागे लांबवर गेलेले. इंग्लंडात इतरत्र शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून राहतात, आपण मळ्यात राहायला जातो तसे. लॅक्सटनचे शेतकरी मात्र गावठाणातच राहिले. कारण सोपे आहे. ज्याची जमीन एका जागी नसून चहूकडे विखुरलेली आहे, त्याने घर बांधायचे तरी कुठल्या तुकड्यावर?

तीन राने, एक फेरा

लॅक्सटनच्या शिवारात तीन मोठी मोकळी राने आहेत. एक पश्चिमेचे, एक दक्षिणेचे आणि एक पवनचक्कीचे. पूर्वी तिथे वाऱ्यावर चालणारी गिरणी होती, म्हणून ते नाव पडले. तिन्ही मिळून क्षेत्र पाचशे एकरांच्या आतबाहेर. प्रत्येक रानात निरनिराळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे आहेत. एकाचे दोन पट्टे इकडे, तीन तिकडे, एक पार ओढ्याकाठी. दोन पट्ट्यांच्या मध्ये नांगराची एक सरी, तीच हद्द.

पिकांचा फेराही सगळ्यांना मिळून पाळावा लागतो. एका रानात थंडीपूर्वी गहू पेरायचा. दुसऱ्यात थंडी सरल्यावर जव, वाटाणा, घेवडा असे पीक घ्यायचे. तिसरे रान पड टाकायचे. पुढच्या साली गव्हाच्या रानात वसंताचे पीक जाते, ते रान त्याच्या पुढच्या साली पडीक राहते आणि पड टाकलेल्या रानात गहू येतो. तीन वर्षांत फेरा पुरा. अलीकडे पड ठेवायच्या वर्षी गवत किंवा चारा घेण्याची मुभा आहे, पण फेरा मोडायचा नाही. 'माझ्या मनात यंदा इथे अमुकच लावायचे आहे' असे एकट्याला म्हणता येत नाही.

पूर्वी याला आणखी एक कारण होते. पीक निघाले, की सगळ्या गावची जनावरे त्या रानात धसकटे चरायला सोडत. पड टाकलेले रानही सगळ्यांच्या जनावरांना मोकळे असे. एकाचे पीक उभे आणि शेजाऱ्याचे निघालेले, असे झाले तर जनावरे सोडायची कशी? म्हणून पेरणी एकदम आणि काढणीही एकदम. शेणखत रानातच पडे, ते वेगळे वाहून न्यावे लागत नसे. ढोर चुकार निघाले आणि दुसऱ्याच्या पिकात शिरले, की गावाने नेमलेला राखणदार ते हाकलून कोंडवाड्यात घाली, आणि मालकाला दंड भरून ते सोडवावे लागे. लॅक्सटनचा कोंडवाडा आजही पाहायला मिळतो. कोंडवाडा म्हटले, की गाव इंग्लंडातले असले तरी ओळखीचे वाटू लागते, नाही का?

एकर आला कुठून

आता कुणी म्हणेल, जमीन अशी तुकड्यातुकड्यांनी वाटण्यात काय शहाणपण? आपल्याकडे तर १९४७ सालापासून तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आहे. प्रश्न रास्त आहे. पण जुन्या लोकांनी हे वेडेपणाने केले नव्हते. शिवारात एक अंग चांगले असते, दुसरे पाणथळ, तिसरे मुरमाड. चांगले सगळे एकाच्या वाट्याला आणि वाईट दुसऱ्याच्या, असे होऊ नये, म्हणून सगळ्यांना सगळीकडचे थोडेथोडे. पाऊस जास्त झाला तर खोलगटातला पट्टा जाईल, पण चढावरचा राहील. आपल्याकडे भाऊ वाटण्या करताना विहिरीजवळचे रान आणि माळ दोन्ही अर्धेअर्धे घेतात, तसाच हा हिशेब.

पट्टे लांबट आणि अरुंद असण्याचे कारण नांगर. त्या काळचा जड नांगर ओढायला आठ-आठ बैल जुंपत. एवढे लांब औत वळवायचे म्हणजे मोठी खटपट. त्यामुळे जितके लांब नांगरता येईल तितके सरळ जायचे आणि मगच वळायचे. दमगीर होईपर्यंत बैल एका सरीत जेवढे अंतर ओढतील, ते अंतर म्हणजे फर्लांग. रस्त्याच्या कडेचे फर्लांगाचे दगड जुन्या माणसांना आठवत असतील. त्या शब्दाचा मुळातला अर्थच सरीची लांबी. एक फर्लांग म्हणजे २२० वार. २२० वार लांब आणि २२ वार रुंद असा पट्टा धरला, की होतात ४८४० चौरस वार. हाच एकर. एका दिवसात एका औताने जेवढे रान नांगरून व्हावे, तेवढे.

आता आपल्याकडे या. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. त्याचे होतात १२१ चौरस वार. असे ४० गुंठे केले, की बरोबर ४८४०. सात-बाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले असले, तरी आपल्या तोंडी एकर-गुंठेच आहेत. इंग्रजांच्या मोजणीबरोबर हा एकर आपल्या शिवारात आला. तो मुळात इंग्लंडातल्या बैलांच्या एका दिवसाच्या घामाचे माप होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

शिवराय पाच वर्षांचे असताना

लॅक्सटनची कीर्ती झाली ती एका नकाशामुळे. १६३५ साली गावचे मालक होते सर विल्यम कोर्टेन. त्यांनी मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराकडून सगळ्या गावाची मोजणी करवून घेतली. कोणता पट्टा कुणाकडे, किती मोठा, कोणत्या वाटेला लागून, हे सगळे वहीत लिहिले आणि मोठ्या नकाशावर काढले. नुसत्या रेघा नाहीत, तर नांगर धरलेली माणसे, कापणी करणारी माणसे, शिकारीमागे धावणारी कुत्री, अशी बारीक चित्रेही त्यात आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात जपून ठेवला आहे. त्या नकाशातली राने आणि आजची राने ताडून पाहता येतात. त्या साली आपल्याकडे शिवराय पाच वर्षांचे होते, असे म्हटले म्हणजे काळाचा अंदाज येईल.

या कोर्टेनसाहेबांचा आपल्या मुलखाशीही संबंध आहे. हा गृहस्थ शेतकरी नव्हे, लंडनचा मोठा कापडवाला सावकार. खुद्द राजाला कर्ज देणारा. लॅक्सटनची मोजणी झाली त्याच १६३५ साली राजा पहिला चार्ल्स याने कोर्टेनच्या मंडळींना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. ईस्ट इंडिया कंपनी आधीपासून होती, तिच्या मुकाबल्याला ही दुसरी मंडळी उभी राहिली. त्यांची गलबते १६३६ साली निघाली आणि त्याच साली गोव्याच्या बंदराला लागली. पुढे १६३८ साली त्यांनी कारवारला वखार घातली. कोर्टेन मात्र गलबते निघाली त्याच साली वारले. सावकाराचे एक बोट लॅक्सटनच्या गव्हाच्या पट्ट्यावर होते, तर दुसरे गोव्याकडच्या मिरीवर. सावकार आला आणि गेला, त्याची व्यापारी मंडळीही पुढे बुडाली. गव्हाचे पट्टे राहिले.

बाकीची गावे कुठे गेली

एके काळी मध्य इंग्लंडातली पुष्कळशी गावे अशीच मोकळ्या रानांची होती. मग कुंपणे आली. मोठे जमीनदार पार्लमेंटकडून गावापुरता कायदा करवून घेत. पट्टे मोडून सगळी जमीन नव्याने वाटली जाई, ज्याची त्याला एका जागी मिळे आणि तिला कुंपण पडे. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५२०० हून अधिक कायदे पार्लमेंटपुढे आले. ६८ लाख एकर जमीन त्यांत गेली. इंग्लंडच्या एकूण जमिनीचा हा पाचवा हिस्सा.

याने काही चांगलेही झाले. एका जागी जमीन आल्यावर निचरा करता आला, नवी पिके घेता आली, ज्याच्याकडे भांडवल होते त्याचे उत्पन्न वाढले. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती आणि गावच्या गायरानावर एक गाय चारायचा हक्क तेवढा होता, त्याचे काय? गायरान कुंपणात गेले, त्याबरोबर गाय गेली, आणि गायीबरोबर घरचे दूध गेले. अशी कितीतरी माणसे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला लागली, नाहीतर शहराच्या गिरण्यांकडे चालू लागली. गायरानाची किंमत काय असते, हे ज्या गावाचे गायरान गेले त्यालाच विचारावे.

मग लॅक्सटन कसे वाचले? सांगतात ते असे. गावची जमीन दोन मोठ्या उमरावांकडे होती, आणि पट्टे मोडून नव्या वाटण्या कशा करायच्या यावर त्यांचे काही केल्या जुळले नाही. शिवाय या कामाला खर्चही फार. दोन थोरांचे भांडण लांबले आणि गावाचे शिवार वाचले. भांडणाने कुणाचे भले झाल्याचे मला ठाऊक असलेले हे एकच उदाहरण.

तरी काळाचा धक्का बसलाच. विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदाराने पुष्कळ बारीक पट्टे एकमेकांना जोडून मोठे केले. पूर्वी पट्ट्यांची गणती फार मोठी होती, ती बरीच खाली आली. म्हणजे तुकडेजोड तिथेही झाली. पण राने मोकळी राहिली आणि फेरा राहिला.

पंच रानात उतरतात

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बांध नाही, तर हद्द राखतो कोण?

हद्द राखते गाव. लॅक्सटनमध्ये दर वर्षी बारा पंच नेमले जातात. ते बाहेरचे अधिकारी नव्हेत, गावचेच लोक. नोव्हेंबरच्या शेवटाला, गहू उगवून वर आला, की एक दिवस ठरतो. त्या दिवशी पंच आपल्या म्होरक्यासह गव्हाच्या रानात जातात. पूर्वी पायी जात, आता ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसूनही जातात. थंडी कडाक्याची, पायाला चिखल. पट्ट्यामागून पट्टा पाहायचा. हद्दीच्या जागी लाकडी खुंट्या ठोकायच्या. कुणाचा नांगर शेजाऱ्यात शिरला आहे का, कुणी वाटेची कड नांगरून घेतली आहे का, कुणी चर साफ करायचा ठेवला आहे का, हे डोळ्यांनी पाहायचे.

रानात काही खोलगट, ओलसर पट्ट्या आहेत, जिथे नांगर चालत नाही. तिथे गवत वाढते. हे गवत गावाच्या मालकीचे समजतात आणि दर वर्षी त्याचा लिलाव होतो. नांगर कधी शिवला नाही, म्हणून इतरत्र दिसेनाशी झालेली रानफुले तिथे अजून फुलतात. गव्हाच्या पट्ट्यासाठी हे गवत थोडे आत कापून घ्यायचा मोह कुणालाही होईल. पंचांची नजर तिथे फार बारीक असते.

फिरणे झाले, की पंच गावच्या खाणावळीत एकत्र बसून जेवतात. तिचे नाव 'डव्हकोट', म्हणजे कबुतरखाना. दोष कुणाचे निघाले ते तिथे बसून लिहून काढतात. आणि आठवडाभराने त्याच खाणावळीत गावची न्यायसभा भरते. तिला तिथे 'कोर्ट लीट' म्हणतात. मालकाच्या वतीने कारभारी अध्यक्षस्थानी बसतो. गावकऱ्यांची हजेरी घेतात. जो येत नाही त्याला काही पेन्स दंड. मग पंचांचे म्हणणे वाचले जाते. अमक्याने वाट नांगरली, दंड इतका. तमक्याने गवत कापले, दंड इतका. पंचाचा स्वतःचा दोष असेल, तर त्यालाही दंड. त्यानंतर पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात.

१९७७ साली इंग्लंडात कायदा होऊन जुन्या काळच्या अशा सभांचे न्याय देण्याचे काम बंद केले गेले. पुष्कळ ठिकाणी त्या केवळ शोभेच्या राहिल्या. लॅक्सटनच्या सभेला मात्र आपल्या रानांचा कारभार चालवू दिला. कारण तिथे खरीखुरी राने होती आणि त्यांची देखरेख करायला दुसरे कुणी नव्हते.

दंडाची रक्कम ऐकून हसू येईल. एवढ्याशा पैशाला कोण भितो? पण मंडळी, धाक पैशाचा नसतो. ज्या अकरा जणांबरोबर आपण उद्या बसणार, उठणार, जेवणार, त्यांच्यादेखत आपले नाव वाचले जाते, धाक त्याचा असतो. आणि आणखी एक. चूक त्याच साली निघते. नांगर वीतभर आत गेला, की नोव्हेंबरात खुंटी ठोकली जाते, डिसेंबरात दंड होतो, विषय संपतो. ती वीत वीस वर्षे साचून हात होत नाही, आणि हाताचा पुढे दावा होत नाही.

मालक बदलले, शिवार राहिले

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. लॅक्सटनचे हे शेतकरी जमिनीचे मालक नाहीत, कुळे आहेत. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले, तसे तिथे झालेले नाही. त्यामुळे मालक बदलला, की गावाच्या पोटात गोळा येतो.

१९३८ साली ऑर्विन नावाच्या पति-पत्नींनी या मोकळ्या रानांवर पुस्तक लिहिले आणि लॅक्सटनचे महत्त्व सगळ्यांच्या ध्यानात आले. १९५२ साली उमराव मॅनव्हर्स यांनी गाव विकायला काढले, तेव्हा ही चाल मोडू नये म्हणून खुद्द सरकारच्या शेती खात्याने ते विकत घेतले. १९८१ साली ते राजघराण्याच्या नावे असलेल्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या 'क्राउन इस्टेट' या संस्थेकडे गेले. २०१८ साली त्या संस्थेने गाव विकायचे ठरवले. सुमारे १८०० एकरांचे शिवार कुणाच्या हाती जाणार? नवा मालक ही राने ठेवील, की ज्याला त्याला एकेक तुकडा देऊन मोकळा होईल? दोन वर्षे हा घोर होता. अखेर २०२० साली ते थोर्सबी इस्टेटने घेतले. थोर्सबी म्हणजे मॅनव्हर्स उमरावांच्याच वारसांची जागीर. ज्या घराने १९५२ साली विकले, त्याच घराकडे ६८ वर्षांनी परत आले.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. ही रीत टिकायची तर पट्टे कसणारी घरे टिकली पाहिजेत. बारा पंच बसवायचे तर बारा माणसे पाहिजेत. मोठाल्या यंत्रांच्या या दिवसांत लहान शेतावर घर चालणे तिथेही अवघड झाले आहे. जुन्या पट्ट्यावर मोठे यंत्र वळवणेही सोपे नाही. गावात येऊन राहणारे सगळेच काही शेती करणारे नसतात. बापाच्या जागी पोरगा पंच म्हणून उभा राहील का, हा प्रश्न लॅक्सटनच्या घरांतही आहे. तिथल्या लोकांनी खाणावळीच्या मागे एक छोटे दालन करून गावचा इतिहास मांडला आहे, पाहुणे येऊन बघून जातात. पण दालनात नकाशा ठेवता येतो, नांगर चालवणारा ठेवता येत नाही. हे त्या गावालाच सर्वांत आधी कळत असणार.

आपण काय घ्यायचे

लॅक्सटनसारखे बांध मोडून टाका, असे मी सांगणार नाही. आपली माती वेगळी, आपला पाऊस वेगळा. बांध आपल्याकडे पाणी अडवतो, माती धरतो, त्यावर तूर-अंबाडी येते, बैलाला चारा मिळतो. बांध हवाच. आणि पंचांनी कोर्टाचे काम करावे, असेही मी म्हणत नाही. मालकीचा वाद असेल तर कायद्याचा रस्ता आहे.

मला भावली ती एवढीच गोष्ट. वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून शिवारात जायचे आणि हद्द सगळ्यांच्या देखत पाहायची. वाद झाल्यावर नव्हे, होण्याआधी. गट क्रमांकाचे चार शेजारी, त्यांत एखादे जाणते माणूस, हातात चार खुंट्या आणि एक दोरी. पेरणी झाल्यावर एक सकाळ पुरे. बायामाणसांनीही जावे, कारण बांधावरचे झाड कुणी लावले आणि दगड कधी सरकला, हे पुष्कळदा त्यांनाच पक्के ठाऊक असते. पोरांना तर न्यावेच. हद्द कुठे आहे हे त्यांना आज दाखवले, तर उद्या वकिलाने दाखवायची पाळी येत नाही. आणि फिरणे झाल्यावर लॅक्सटनच्या पंचांसारखे एका जागी बसून भाकरी खावी. तो भाग वगळू नये. बरोबर जेवलेल्या माणसाच्या बांधाला नांगर लावताना हात थोडा अडखळतो.

माझे वडील आणि चुलते, दोघेही आता नाहीत. गेल्या दिवाळीत चुलतभाऊ घरी आला होता. चहा झाल्यावर मीच म्हटले, "दादा, चल, बांधावर जाऊन येऊ." तो काही बोलला नाही, पायात चपला सरकवल्या. आम्ही दोघांनी मिळून दोरी धरली, दोन टोकांना दगड रोवले, आणि मध्ये हातभर जागा दोघांनीही सोडली. वेळ लागला अर्धा तास. आमच्या वडीलधाऱ्यांना हाच अर्धा तास सापडला नव्हता.

तुमच्या गावात असे एकत्र शिवार पाहण्याची चाल असेल, किंवा पूर्वी होती आणि मोडली असेल, तर जरूर लिहून कळवा. पुढच्या खेपेला दुसऱ्या मुलखाची खबर घेऊन येतो. तोवर राम राम.